संगीत खोलीची किल्ली विद्यार्थ्यांकडे द्या: विद्यापीठांना एक खुले पत्र

माननीय कुलगुरू, विद्यार्थी विकास विभागाचे संचालक आणि प्लेसमेंट कक्षाचे प्रमुख यांस,

स. न. वि. वि.

हे पत्र कुठल्या एका विद्यापीठाला लिहिलेलं नाही. जिथे जिथे संगीत मंडळ आहे आणि त्याची आठवण वर्षातून एकदा, पाहुणे यायच्या आठवड्यात होते, अशा सगळ्यांना ते आहे.

निमित्त घडलं एका मुलाखतीचं. माझ्या कामाचा भाग म्हणून मी नव्या पदवीधरांच्या मुलाखती घेते. समोरच्या मुलाच्या अर्जात सगळ्यात खाली, ‘छंद’ या रकान्यात लिहिलं होतं, ‘विद्यापीठ संगीत मंडळ, तीन वर्षं’. काय करायचास तिथे, असं विचारलं तर म्हणाला, “काही विशेष नाही मॅडम, गिटार वाजवायचो.” आम्ही पुढे गेलो. आमचा एक ठरलेला प्रश्न असतो: बिघडलेलं काम सावरल्याचा एखादा प्रसंग सांग. तो गडबडला. इंटर्नशिपमधलं एक गुळमुळीत उदाहरण दिलं, पाठ केल्यासारखं. माझ्याबरोबरच्या सहकाऱ्याने वहीत काहीतरी लिहिलं आणि ते चांगलं नसणार, हे मला दिसत होतं.

मी स्वतः चार वर्षं विद्यापीठाच्या मंडळात तबला वाजवला आहे. त्यामुळे राहवलं नाही. म्हटलं, कार्यक्रमात कधी घोळ झाला का रे?

मग तो खुलला. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मुख्य गाणाऱ्या मुलीचा आवाज बसला. दुसरी गाणारी तयार होती, पण तिची पट्टी, म्हणजे ती ज्या स्वराला ‘सा’ धरून गाते तो, वेगळी. म्हणजे चार गाण्यांची पट्टी बदलायची. बासरीवाल्याकडे त्या पट्टीची बासरी नव्हती, म्हणून त्याच्या जागा व्हायोलिनला दिल्या. बासरीवाला रुसला. त्याची समजूत काढून, त्याच्याकडे होती त्या बासरीवर वाजेल असा एक तुकडा कार्यक्रमाच्या सुरुवातीला घातला. त्यामुळे क्रम बदलला, म्हणून निवेदन नव्याने लिहिलं आणि ध्वनिव्यवस्थेवाल्याला माइकची नवी यादी दिली. हे सगळं पाच तासांत. आणि हे सगळं या मुलाने केलं होतं.

“मग मघाशी हे का नाही सांगितलंस?”

“ते काय मॅडम, ते गाण्याचं होतं.”

हे पत्र त्या एका वाक्याबद्दल आहे. तीन वर्षांत तुमच्यापैकी कोणीही त्याच्याशी पाच मिनिटं असं बोललं नव्हतं की त्याला कळावं, ते नुसतं गाण्याचं नव्हतं.

तुमच्या माहितीपत्रकात मात्र सगळं छापलेलं असतं. संगीताने एकाग्रता वाढते, नेतृत्वगुण येतात, संघभावना रुजते आणि ‘हस्तांतरणीय कौशल्ये’ विकसित होतात. (हा शब्द वाचला की मला एखाद्या जमिनीचं खरेदीखत आठवतं. मुलं सरळ ट्रान्स्फरेबल स्किल्स म्हणतात. मी ‘कुठेही कामाला येणारं’ असं म्हणेन.) तुमचा निष्कर्ष मला मान्य आहे. कारणमीमांसा मान्य नाही. कारण ती मान्य केली तर मुलांना खोलीत सोडलं, पेटी-तबला दिला, की बाकीचं आपोआप होतं असं ठरतं. तसं होत नाही.

संगीताच्या जादूवर किती पटकन विश्वास बसतो याचा नमुना जगाने एकदा पाहिला आहे. 1993 साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटा लेख आला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या संशोधकांनी कॉलेजच्या 36 विद्यार्थ्यांना मोझार्टची दोन पियानोंची एक रचना दहा मिनिटं ऐकवली. त्यानंतर आकार-अवकाशाच्या चाचणीत त्यांचे गुण आठ-नऊ अंकांनी वर गेले. हा परिणाम दहा-पंधरा मिनिटंच टिकला, हेही त्याच लेखात होतं. पण ते कोण वाचतो! ‘मोझार्ट ऐका, हुशार व्हा’ एवढंच पसरलं आणि 1998 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी राज्यात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला अभिजात संगीताची ध्वनिफीत द्यायचा प्रस्ताव मांडला.

वाजवायला शिकण्याबद्दलचा पुरावाही फार उत्साह वाढवणारा नाही. वार्षिक अहवालांत तो कोणी छापत नाही, म्हणून इथे सांगते. 2020 मध्ये सला आणि गोबे या दोन संशोधकांनी मुलांच्या संगीतशिक्षणावरचे 54 अभ्यास एकत्र करून पाहिले. ज्या अभ्यासांची रचना काटेकोर होती, त्यांत बुद्धी किंवा अभ्यास सुधारल्याचा परिणाम जवळजवळ शून्य निघाला. हे लहान मुलांबद्दल आहे, विद्यापीठातल्या विसाव्या वर्षाच्या मुलांबद्दल नाही, हे खरं. पण मुळातला धडा त्याहून जुना आहे. 1901 साली थॉर्नडाइक आणि वुडवर्थ यांनी लोकांकडून आयतांचं क्षेत्रफळ नजरेने ओळखायचा सराव करून घेतला आणि मग दुसऱ्या आकारांवर त्यांची परीक्षा घेतली. सराव फारसा उपयोगी पडला नाही. एका कामातलं शिकलेलं दुसऱ्या कामात आपोआप झिरपत नाही. दोन कामांत सारखं काहीतरी असावं लागतं, आणि बहुतेक वेळा कोणीतरी ते बोट ठेवून दाखवावं लागतं.

मी ज्या मुलाबद्दल सांगितलं त्याच्या बाबतीत सारखेपणा भरपूर होता. बोट ठेवणारं कोणी नव्हतं.

आता मंडळात नेमकं काय घडतं ते जरा जवळून सांगते, कारण तुमच्यापैकी बरेच जण फक्त कार्यक्रमाला येता, तालमीला येत नाही. आणि सगळं तालमीत असतं.

आमच्याकडे एक मुलगी होती, गळा अतिशय गोड. पण वरच्या षड्जाला, म्हणजे वरच्या ‘सा’ला, पोचता पोचता सूर किंचित उतरायचा. अगदी किंचित. पहिल्या वर्षी मी ते ऐकलं आणि गप्प बसले. मला काय त्यातलं कळतं, मी तबलेवाली. दुसऱ्या वर्षी पेटीवाल्याने हात थांबवला आणि म्हणाला, “तो ‘सा’ परत घे, मी धरून ठेवतो.” त्याने ‘सा’ दाबून धरला, ती गायली, दोन सूर एकमेकांवर घासलेले खोलीतल्या सगळ्यांना ऐकू आले. तिलाही. कोणी काही बोललं नाही. तिने पुन्हा घेतला, पुन्हा, पाचव्यांदा बसला. त्याने मान हलवली आणि पुढची ओळ सुरू झाली. एवढंच. चूक सांगण्याची याहून चांगली पद्धत मी आजवर कुठल्या कार्यालयात पाहिलेली नाही. माणसाला नाही, सुराला चूक म्हटलं. बरोबर काय ते शेजारी ठेवलं. सुधारायला लगेच संधी दिली. आणि झाल्यावर विषय संपवला. विद्यापीठात अशी दुसरी जागा दाखवा, जिथे मुलाची चूक तासाभरात वीस वेळा काढली जाते आणि त्याची नोंद कुठल्याही गुणपत्रिकेत होत नाही.

दुसरी गोष्ट साथीची. साथ करणं म्हणजे मागे मागे वाजवणं असं बाहेरून वाटतं. एकदा भर कार्यक्रमात आमचा गाणारा अंतऱ्याहून परत येताना चार मात्रा आधीच मुखड्यावर आला. सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, चुकली. अशा वेळी तबलजीला दोन रस्ते असतात. आपण बरोबर आहोत म्हणून आपला ठेका तसाच ठेवायचा आणि सगळ्या सभागृहाला दाखवून द्यायचं की तो चुकला. किंवा तो जिथे आहे तिथे आपण जायचं. मी एक तिहाई (तीनदा वाजवून समेवर आणायचा तुकडा) कशीबशी आखूड करून त्याच्या समेवर आले. पेटीवाल्याने माझ्याकडे पाहिलं, तोही आला. श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना ती करामत वाटली! पण त्या चार-पाच सेकंदांत मी जे शिकले ते मला पुढे नोकरीत, मध्यरात्री कोसळलेल्या कामात, समोर घाबरलेला सहकारी असताना उपयोगी पडलं. आधी सगळ्यांना एका जागी आणायचं. कोण चुकलं ते नंतर, आणि शक्यतो खोलीत.

संगीतातली ही गोष्ट मला वेगळी वाटते. नाटकात, खेळात, वादविवादातही संघ असतो, जबाबदारी असते, आणि तिथे जे शिकायला मिळतं ते कमी नाही. टोरांटोच्या शेलेनबर्ग यांनी 2004 मध्ये सहा वर्षांच्या 144 मुलांवर केलेल्या प्रयोगात इतरांशी वागण्याबोलण्यात सुधारणा दिसली ती नाट्यवर्गातल्या मुलांमध्ये, संगीतवर्गातल्या नाही. तेव्हा आम्ही वाजवणाऱ्यांनी उगाच कॉलर ताठ करू नये. पण संगीतात काळ थांबत नाही. चूक दुरुस्त करायला कोणी शिट्टी वाजवत नाही. आठ माणसं एकाच क्षणी बोलतात आणि तरी एकमेकांचं ऐकतात, हे दुसरीकडे फारसं नसतं.

आणखी एक अभ्यास मला फार आवडतो. मर्निगन आणि कॉनलन यांनी 1991 मध्ये ब्रिटनमधल्या 20 व्यावसायिक स्ट्रिंग क्वार्टेटचा, म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो अशा चौघांच्या गटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दुसऱ्या व्हायोलिनची अडचण मांडली आहे. दुसरं व्हायोलिन वाजवणाऱ्याला पहिल्याइतकंच उत्तम वाजवता यावं लागतं, पण आयुष्यभर दुसऱ्या जागी बसून. जे गट टिकले आणि नावारूपाला आले त्यांतल्या बहुतेक दुसऱ्या व्हायोलिनवाल्यांनी ती जागा मनापासून स्वीकारली होती. आणि मतभेद झाले तर हे गट तासन्‌तास बोलत बसत नसत. तू म्हणतोस तसं एकदा वाजवू, मी म्हणतो तसं एकदा वाजवू, असं करून पाहत. मी जितक्या बैठकांना बसले आहे त्यांतल्या निम्म्या या एका नियमाने अर्ध्या वेळात संपल्या असत्या.

हे सगळं तेव्हाच घडतं जेव्हा निर्णय मुलांच्या हातात असतो. आणि इथे माझी तक्रार आहे.

आमच्या तिसऱ्या वर्षी विद्यापीठाला आंतरविद्यापीठ स्पर्धेत बक्षीस हवं होतं. बाहेरून संगीत दिग्दर्शक आणले. ते कामात चोख होते, माणूसही वाईट नव्हते. पण त्यांनी गाणं निवडलं, पट्टी ठरवली, कोण कुठे उभं राहणार ते ठरवलं, दोन जागा तर ध्वनिमुद्रित ट्रॅकवर घेतल्या. आम्ही वेळेवर आलो, सांगितलं ते वाजवलं आणि घरी गेलो. बक्षीस मिळालं. ढाल अजून कुठल्यातरी काचेच्या कपाटात असेल. त्या वर्षात मी काय शिकले असं विचाराल तर हात चांगला झाला, बाकी काही नाही. आदल्या वर्षी आम्ही पहिल्या फेरीतच बाद झालो होतो. तेव्हा गाणं निवडण्यावरून तीन दिवस भांडलो होतो, हिशेबात तूट आली म्हणून मी खजिनदार या नात्याने भाड्याच्या की-बोर्डवाल्याला फोन करून हप्ते मागून घेतले होते, आणि ज्याला गाण्यातून वगळलं त्याला ते तोंडावर सांगायची पाळी माझ्यावर आली होती. तो माझ्याशी आठवडाभर बोलला नाही. कुठेही कामाला येणारं जे काही माझ्याकडे आहे, ते त्या बाद झालेल्या वर्षातलं आहे.

विद्यार्थ्यांनी स्वतः मंडळ चालवणं हे काही नवं खूळ नाही. 1701 मध्ये गेओर्ग फिलिप टेलेमान लाइपझिग विद्यापीठात कायदा शिकायला गेला आणि 1702 मध्ये त्याने विद्यार्थ्यांचं एक वादकमंडळ उभं केलं, ‘कोलेगियुम मुझिकुम’. कायद्याचा विद्यार्थी, पुढे युरोपातला नामांकित संगीतकार झाला. पण त्याच्याही आधी त्याने काय केलं तर पोरं गोळा केली. शहरातल्या जुन्या संगीतप्रमुखांनी, कुनाऊ यांनी, तक्रार केली की हा आमच्या गायकवृंदातले विद्यार्थी पळवतो. (म्हणजे विभागप्रमुख आणि विद्यार्थी मंडळ यांचं न पटणं तीनशे वर्षांहून जुनं आहे, काळजी नसावी.) हेच मंडळ 1729 पासून योहान सेबास्टियन बाख चालवत होते आणि त्याचे कार्यक्रम एका कॉफीगृहात होत. आणि निर्णय वाटून घेऊन उत्तम दर्जा राखता येतो का, अशी शंका असेल तर न्यूयॉर्कमध्ये 1972 साली सुरू झालेला ऑर्फियस हा वाद्यवृंद पाहा. त्यांच्याकडे कंडक्टर, म्हणजे समोर उभं राहून सगळ्यांना चालवणारा, नाहीच. प्रमुखाची जागा रचनेगणिक बदलते.

तेव्हा माझ्या मागण्या. फार खर्चाच्या नाहीत.

संगीत खोलीची किल्ली मुलांकडे द्या. आमच्या वेळी एक वही असायची. किल्ली कोणी नेली, किती वाजता, कोणी परत केली, सह्या. एकदा एक तबला फुटका सापडला तेव्हा त्याच वहीवरून आम्ही आपसात छडा लावला, कार्यालयापर्यंत गोष्ट गेलीही नाही. आता बऱ्याच ठिकाणी पाचला कुलूप लागतं आणि सुट्टीच्या दिवशी अर्जावर तीन सह्या लागतात. वाद्यं सुरक्षित राहतात. मुलं काही शिकत नाहीत.

थोडे पैसे द्या, पण ते खर्च करायचा अधिकारही द्या, आणि हिशेब मागा. कडकपणे मागा. पावती हरवली तर पदरचे भरायला लावा. मी भरले आहेत.

बक्षिसासाठी बाहेरून माणूस आणायचाच असेल तर शिकवायला आणा, चालवायला नको. दोन्हींतला फरक त्यालाही सांगा.

गाता-वाजवता न येणाऱ्यांना दार उघडं ठेवा. आमच्या मंडळाचं हे मोठं पाप होतं. चाचणीत ज्याचा सूर लागला नाही त्याला आम्ही परत पाठवायचो. ध्वनी कोण सांभाळणार, निवेदन कोण लिहिणार, वेळापत्रक कोण बसवणार, याला माणसं अपुरी आणि दारातून मात्र दर वर्षी चाळीस-चाळीस जणं परत जायची. आज विचार केला की लाज वाटते.

श्रेयांक द्यायचे असतील तर द्या, मला त्यात फार रस नाही. एवढंच पाहा की ते हजेरीवर दिले जाऊ नयेत. हजेरीवर दिले की सह्या करून पळणारे येतात आणि खऱ्या तालमीची खोली त्यांनी भरते.

आणि शेवटची मागणी प्लेसमेंट कक्षाला, कारण त्या गिटारवाल्या मुलाचं ऋण माझ्यावर आहे. शिकलेलं दुसरीकडे नेण्याबद्दल पर्किन्स आणि सॉलोमन यांनी 1988 मध्ये लिहिलं आहे की काही सवयी सरावाने, नकळत दुसऱ्या कामात उतरतात, पण दूरच्या कामात काही न्यायचं असेल तर मुद्दाम थांबून, विचार करून पूल बांधावा लागतो. हा पूल बांधायला महागडं प्रशिक्षण नको. प्रत्येक कार्यक्रमानंतर, दोन-तीन दिवसांत, आठवण ताजी असताना, मुलांना गोल बसवा. तासभर. त्यांना ‘तू कोणती कौशल्ये विकसित केलीस’ असं मात्र विचारू नका, कारण लगेच माहितीपत्रकाची भाषा परत येते आणि सगळ्यांकडे एकदम नेतृत्वगुण निघतात. विचारा, काय बिघडलं होतं? तेव्हा कोण काय म्हणालं? तू काय ठरवलंस, आणि दुसरं काय ठरवता आलं असतं? पैसे कुठे कमी पडले? कोणाला नाही म्हणावं लागलं, कसं म्हटलंस? उत्तरं ज्याची त्याने चार ओळींत लिहून ठेवायची, तारीख घालून. तीन वर्षांत अशी आठ-दहा पानं झाली की अर्जातला ‘छंद’ हा रकाना त्यांना पुरणार नाही.

हे विचारायला संगीत कळणारा माणूस लागत नाही. उलट न कळणाराच बरा. त्याला समजावताना मुलांना गाण्याची भाषा सोडून साध्या भाषेत बोलावं लागतं. ‘पट्टी बदलली’ म्हणजे नक्की काय काय बदलावं लागलं, हे त्यालाच सांगावं लागतं. आमच्या मुलाखतीत माझ्या सहकाऱ्याने नेमकं तेच केलं. त्याला संगीतातलं ओ की ठो कळत नाही. “पट्टी बदलली तर बासरीवाल्याला काय त्रास?” असं त्याने विचारलं आणि त्या मुलाने टेबलावरच्या पेन्सिलीला बोटं लावून दोन मिनिटांत इतकं नीट समजावलं की सहकाऱ्याने मघाचं वहीतलं वाक्य खोडलं.

तो मुलगा आता आमच्याकडे कामाला आहे.

तुमच्या पुढच्या कार्यक्रमानंतर अशी बैठक घ्यायचं ठरलं आणि प्रश्न विचारायला बाहेरचं कोणी हवं असेल, तर मला बोलवा. मानधन नको. खुर्च्या गोलात लावायच्या असतील तर अर्धा तास आधी येईन, फक्त खोली उघडी असू द्या.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक माजी विद्यार्थिनी
(तबला आणि हिशेब)